शालीतून वारा येतो

२०१६ साली यांची बँकेतून लेहला बदली झाली, तेव्हा कोल्हापुरात आमच्या घरी एकच विषय होता, तिथली थंडी. यांच्यासाठी जाड जॅकेट आणलं, आतून घालायचे गरम कपडे आणले, बूट आणले. माझं काय? "तू तर घरातच असणार. आईची लोकरी शाल आहे, दोन स्वेटर आहेत. पुरे की!" हे सहज म्हणाले. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट पैसे वाचले म्हणून बरंच वाटलं.

लेह सुमारे ११,५०० फुटांवर. जानेवारीत रात्रीचं तापमान उणे १५ पर्यंतही उतरतं आणि घराघरांतले नळ गोठतात. हे दिवसभर बँकेत बुखारीच्या उबेला बसत. 'घरात असणारी' मी मात्र टँकर आला की बादल्या घेऊन रांगेत उभी! दुपारनंतर वारा सुटला की एका हाताने शाल धरायची आणि दुसऱ्या हाताने बादली. एके दिवशी बोटं इतकी बधिर झाली की बादली हातातून सुटली. पाणी सलवारीवर सांडलं आणि दारापर्यंत येईतो कापड पापडासारखं कडक झालं. रात्री बोटं लाल होऊन सुजली, खाजेने झोप लागेना.

दुसऱ्या दिवशी घरमालकीणबाईंनी, म्हणजे आमच्या अमा-लेंनी, माझे हात पाहिले आणि मोडक्यातोडक्या हिंदीत चांगलंच रागावल्या, "ही शाल बसून राहणाऱ्या बाईची. तुला तर चालावं लागतं!" मग त्यांनी स्वतःचा पायघोळ गोंचा दाखवला. जाड लोकरीचा, कमरेला पट्ट्याने घट्ट बांधलेला. पाठीवर मेंढीचं कातडं, लोकर आतल्या बाजूला. वाऱ्याला आत शिरायला वाटच नव्हती.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लोकर स्वतः ऊब देत नाही, आपल्याच अंगाने तापवलेली हवा ती धरून ठेवते. वारा ती हवा उडवून नेतो. उणे १० तापमानात ताशी ३० किलोमीटरचा वारा असला, तर उघड्या त्वचेला उणे २० सारखी थंडी लागते. म्हणजे उणीव स्वेटरची नव्हती, वारा अडवणाऱ्या कापडाची होती.

संध्याकाळी माझी बोटं पाहून हे वरमले. रविवारी टँकरवर स्वतः गेले. परत आल्यावर एवढंच म्हणाले, "चल, बाजारात जाऊ."

त्या दिवशी अमा-ले सोबत होत्या, म्हणून खरेदी नीट झाली. मैत्रिणींनो, त्यांनी शिकवलेलं तुम्हालाही सांगते. जॅकेटचं कापड ओठांना लावून जोरात फुंकर मारा. फुंकर आरपार गेली, तर वाराही जाणार. जॅकेट स्वेटरवरूनच घालून पाहा. दोन्ही हात वर केले तरी कंबर उघडी पडता कामा नये. बायकांची जॅकेटं बरेचदा दिसायला छान पण आखूड असतात, म्हणून लांबी मांड्यांपर्यंत हवीच. चेनच्या मागे कापडाची पट्टी, मनगटाला आवळता येणारी बाही आणि कान झाकणारी टोपी पाहून घ्या. अंगालगत सुती कपडा नको, तो घाम धरून ठेवतो आणि मग अंग गार पडतं. मोजे घट्ट नकोत, रक्त खेळायला जागा हवी. हातमोज्यांच्या आड येतात म्हणून मी बांगड्याही उतरवल्या. सासूबाईंना फोनवर भीतभीतच सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "अगं, बांगड्या हातासाठी असतात, हात बांगड्यांसाठी नव्हे!"

२०१९ मध्ये आम्ही कोल्हापूरला परतलो. जॅकेट अजून कपाटात आहे. ओळखीतलं कुणी सहकुटुंब मनालीला निघालं, की घरातल्या बाईला मी हमखास विचारते, "सगळ्यांची खरेदी झाली, तुझं काय?" बहुतेकदा उत्तर येतं, "माझी शाल आहे ना!"

मग मी मुकाट्याने कपाट उघडते.