शिवणीची उलटी बाजू

चामड्याला पडलेलं भोक बुजत नाही. कापडाची शिवण उसवली, नखाने जरा घासलं, पाणी शिंपडून इस्त्री फिरवली की जुन्या टाक्यांची खूण बऱ्याचदा जाते. चामड्यावर, रेक्झिनवर तसं होत नाही. सुई गेली ती जागा कायमची गेली. त्यामुळे चामड्याचं मशीन टाका सोडायला लागलं की कारागीर धास्तावतो, आणि त्याचा हात सगळ्यात आधी स्क्रूड्रायव्हरकडे जातो. मी या मशीनांचा मिस्त्री आहे आणि या सवयीशी माझं जुनं भांडण आहे. मशीनला काय झालंय ते शिवणीवर लिहिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय एकही स्क्रू हलवू नये.

पुण्यात स्वारगेटला या कामाला तोटा नाही. एसटी स्टँडवरून सातारा, कोल्हापूर, सोलापूरच्या गाड्या सुटतात आणि प्रवाशाच्या बॅगेचा बंद नेमका गाडी लागायच्या वेळी तुटतो. शंकरशेठ रस्त्याने पुढे नाना पेठेकडे गेलं की रिक्षाची हूडं, दुचाकीच्या सीटा, गाड्यांची कव्हरं. गणपतीच्या आधी ताशांचे पट्टे येतात. दिवाळीच्या तोंडावर तर बॅगवाल्यांना जेवायला उसंत नसते, आणि मशीनं रुसतात तीही तेव्हाच, कारण दिवसभर मान वर न करता चालवलेल्या मशीनची सुई कुणी बदललेलीच नसते.

मी गेल्यावर आधी शिवलेला तुकडा मागतो आणि उलटा करतो. दोन दोऱ्यांची गाठ चामड्याच्या जाडीत, मधोमध लपायला हवी. खालच्या दोऱ्याचे ठिपके वर दिसले तर वरचं टेन्शन जास्त आहे किंवा बॉबिन केसची पत्ती सैल आहे. खाली वेटोळी, गुंता दिसला तर बहुतेक जण बॉबिनला दोष देतात; दोष असतो वरच्या दोऱ्याचा. तो टेन्शनच्या चकत्यांमध्ये नीट बसलेला नसतो, नाहीतर टेकअपच्या, म्हणजे दोरा वर ओढणाऱ्या दांडीच्या, भोकातून निसटलेला असतो. आणि काही वेळा दोष मशीनचा नसतोच. २० नंबरचा दोरा ०.४ मिलिमीटरच्या आसपास जाड असतो. एक मिलिमीटरच्या पातळ अस्तराच्या चामड्यात असे दोन दोरे एकमेकांत अडकून लपणार कुठे? तिथे टेन्शन फिरवत बसण्यापेक्षा दोरा बारीक घ्यावा.

गुलटेकडीच्या बाजूला बॅगा शिवणाऱ्या एका काकांनी बोलावलं. मी आत पाऊल टाकतोय तोच म्हणाले, "मिस्त्री, टायमिंग गेलंय."

"वाया गेलेला पट्टा दाखवा, काका."

पट्ट्यावर सपाट भागात शिवण एकसारखी होती. टाका सुटला होता तो दर वेळी एकाच ठिकाणी, चार थरांच्या जोडावरून दोन थरांवर उतरताना पहिल्या-दुसऱ्या टाक्याला. टायमिंग, म्हणजे सुई आणि खालचं हुक यांचा मेळ, बिघडलं असतं तर सपाटीवरही टाके सुटले असते. मी चाक हाताने सावकाश फिरवलं. उतारावर फूट तिरकं झालं, त्याची मागची बाजू जाड जोडावर टेकलेली आणि पुढची अधांतरी. सुई वर येताना चामडंही तिच्याबरोबर वर आलं. तिथेच सगळं बिघडत होतं. सुई तळाला जाऊन किंचित वर येते तेव्हा दोऱ्याला ढिलाई मिळून सुईमागे त्याचा छोटा फासा तयार होतो, आणि हुकाची चोच तो फासा उचलते. चामडंच सुईला चिकटून वर गेलं तर दोरा ढिला पडत नाही, फासा होत नाही आणि हुक रिकामं फिरतं. मी सुई बदलली, फुटाचा दाब थोडा वाढवला आणि जोडावरून उतरताना फूट सपाट राहावं म्हणून त्याच जाडीचा चामड्याचा तुकडा आधाराला द्यायला शिकवलं. हुकाला हातही लावला नाही.

टायमिंग कधीच जात नाही असं नाही. सुई बकलवर किंवा रिबिटवर आपटली तर जाऊ शकतं. पण जड कामाच्या कितीतरी मशीनांत हुकाला सेफ्टी क्लच असतो. दोरा अडकून झटका बसला की तो सुटतो, सुई चालत राहते आणि हुक जागेवर थांबतं. त्याचं बटण दाबून चाक फिरवलं की खट्कन पुन्हा बसतो. हे ठाऊक नसलेला माणूस हुकाचे स्क्रू सैल करतो आणि मग खरोखरच टायमिंग लावायची वेळ येते. लावायचं तर मोजून लावावं. सुई तळापासून दोन-अडीच मिलिमीटर वर आली की हुकाची चोच डोळ्याच्या जरा वर, सुईच्या खाचेपाशी पोचायला हवी, आणि चोच व सुई यांत फट राहावी कागदाएवढी, ०.१ मिलिमीटरच्या आत.

सुईबद्दल मात्र मला जास्त बोलायचं आहे, कारण निम्म्याहून अधिक तक्रारी तिथेच मिटतात. दोऱ्याचा नंबर वाढला की दोरा बारीक होतो, सुईचा नंबर वाढला की सुई जाड होते. या उलटसुलट हिशेबात नवीन पोरं हमखास फसतात. ४० नंबरच्या दोऱ्याला १८ ची सुई, ३० ला २० ची, २० ला २२ ची, हे जोड भिंतीवर खडूने लिहून ठेवावेत. सुईच्या पाकिटावर दुसरा आकडाही असतो: ११०, १२५, १४०. तो मिलिमीटरचे शंभरावे भाग सांगतो, म्हणजे १४० ची सुई १.४ मिलिमीटर जाड.

टोकही बघावं. चामड्याच्या सुईचं टोक पात्यासारखं धारदार असतं, ते चामडं कापत जातं. काही टोकं शिवणीच्या रेषेतच काप घेतात, काही तिरका घेतात. रेषेत कापणाऱ्या सुईने बारीक टाका घातला तर काप एकमेकांना मिळतात आणि पट्टा पोस्टाच्या तिकिटासारखा ओळीने फाटतो. बंदाच्या मुळाशी टाका लांबच हवा, तीन-चार मिलिमीटरचा. बारीक टाका म्हणजे मजबूत शिवण ही कापडाची समजूत आहे, ती इथे चालत नाही. रेक्झिनच्या पाठीला कापड असतं, त्याला पात्याची सुई लावली तर ते कापडच तुटतं. तिथे गोल टोक.

दोरा तुटत असेल तर तुटलेलं टोक बोटांवर घेऊन उजेडात धरावं. पिंजलेलं असेल तर दोरा कुठेतरी घासतोय. टोकाला बारीक कडक मणी झाला असेल तर तो वितळलाय. पॉलिएस्टर २५० ते २६० अंशांच्या आसपास वितळतं, आणि जाड कामावर भरधाव चाललेली सुई तेवढी तापते. रेक्झिनचा थर त्याच्याही कितीतरी आधी मऊ होऊन सुईच्या डोळ्यात साचतो. नाना पेठेत सीटवाल्यांकडे उन्हाळ्यात हे नेहमी दिसतं. तिथे वेग कमी करणं हाच पहिला उपाय, आणि दोऱ्याला सिलिकॉन तेल. जुनी क्लच मोटर काढून सर्वो बसवली की वेग हातात राहतो. हा खर्च मी प्रत्येकाला करायला लावतो.

घासण्याची जागा डोळ्यांना सापडत नाही. मी कापसाचा बोळा हुकावरून, प्लेटच्या भोकातून, टेकअपवरून हलका फिरवतो. जिथे तंतू अडकतो तिथे ओरखडा असतो. पावसाळ्यात बंद राहिलेल्या मशीनवर गंजाचा टिपका पुरतो. तेवढीच जागा अगदी बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करायची. हुकाची चोच घासून बोथट करायची नाही.

चप्पल-बूट दुरुस्त करणाऱ्यांच्या मशीनांचं दुखणं वेगळं असतं. सिंगरचं २९के हे स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यात बनलेलं मशीन. तो कारखाना १९८० साली बंद झाला, तरी ही मशीनं आणि त्यांच्या नकला अजून पोट भरतायत. त्याला खाली चामडं सरकवणारे दात नसतात; फूटच वरून चामडं ओढतं आणि सगळ्या दिशांना वळतं, म्हणून बुटाच्या आतल्या बाजूलाही शिवता येतं. वर्षानुवर्षं चालून फूट ओढणारे सांधे झिजतात आणि टाका आखूड होत जातो. मालक टाक्याचा स्क्रू शेवटपर्यंत फिरवतो, तरी तो लांबत नाही, कारण ढिलाई सांध्यात असते. झिजलेला भाग बदलायचा, नाहीतर लेथवाल्याकडून भरून घ्यायचा. तोवर त्या मशीनवर बारीक सुई आणि ४० नंबरचाच दोरा लावावा, आणि बॅगेचे बंद दुसऱ्या मशीनवर शिवावेत.