प्रसेनजिताचे ताट आणि आमच्या आईचे ताट

"तुमच्या लोकांचा तोंडावर ताबाच नसतो." आईचा रिपोर्ट टेबलावरून आमच्याकडे सरकवत डॉक्टर म्हणाले. एचबीएवनसी ९.८ होते. आम्ही दोघे भावंडे तिच्या शेजारी उभे होतो. 'तुमच्या लोकांचा' म्हणजे नेमका कुणाचा, हे विचारायची हिंमत झाली नाही. मोर्चात घसा फोडणारे आम्ही आहाराचा छापील तक्ता घेऊन मुकाट बाहेर आलो.

तक्त्यात ओट्स होते, सफरचंद होते, ऑलिव्ह तेल होते, मूठभर बदाम होते. आई औरंगाबादेत चार घरची धुणीभांडी करते. प्रत्येक घरी तिला वेगळ्या कपात चहा मिळतो आणि तो गोडच असतो. बिनसाखरेचा मागितला तर "आता हिचेही नखरे" हे ऐकावे लागते. म्हणजे दुपारपर्यंत चार कप साखरेचे पाणी पोटात, आणि घरी आल्यावर रेशनचा भात. त्या तक्त्यात ही चार घरे कुठेच नव्हती.

एम.ए.ला असताना 'जीवनशैलीचे आजार' हा शब्द आम्ही पाठ करून परीक्षेत लिहिला होता. शैली ही निवडायची गोष्ट असते. आईने काय निवडले? २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य मिळते. डाळ नाही, अंडे नाही, भाजी नाही. त्याच कायद्यात गहू-तांदळाच्या जोडीला भरड धान्यही लिहिले आहे, पण आमच्या दुकानात ज्वारी क्वचितच दिसते. स्वस्त मांस हा आमच्या वस्त्यांचा प्रथिनांचा आधार होता. २०१५च्या कायद्याने बैलाच्या कत्तलीवरही बंदी आणली, तेव्हा सगळी चर्चा श्रद्धेची झाली. आमच्या ताटातून काय गेले, हे कुणी मोजले नाही.

एवढे सगळे खरे असूनही आमची चूक यात लपत नाही. तक्ता आणला, भिंतीला चिकटवला आणि आम्ही मोकळे झालो. आई आमच्यासाठी भात, वरण, बटाट्याची भाजी करायची, सर्वांना वाढायची आणि शेवटी उरलेला भात रश्शाशी कालवून खायची. टाकून द्यायचे तिच्या जिवावर यायचे. "पथ्य पाळतेस ना?" असे आम्ही वर विचारायचो!

मग वर्षावास आला. पौर्णिमेला आईने विहारात अष्टशील घेतले. दुपारी बारानंतर जेवण नाही. साखर उतरवणारी संध्याकाळची गोळी मात्र तिने न चुकता घेतली, तीही उपाशीपोटी. सातच्या सुमारास तिला दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले, बोलणे अडखळू लागले. ग्लुकोमीटरवर ५२. आम्ही साखर वाढण्याला एवढे घाबरत होतो, की ती उतरूनही माणूस जाऊ शकतो हे डोक्यातच नव्हते. ती शुद्धीवर होती आणि गिळू शकत होती, म्हणून तीन चमचे साखर पाण्यात कालवून दिली. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली, ८८ आली. मग अर्धी भाकरी दिली. त्या पंधरा मिनिटांत आम्ही भावंडे एकमेकांकडे बघू शकलो नाही.

संयुत्त निकायात कोसलच्या राजा प्रसेनजिताची गोष्ट आहे. तो द्रोणभर तांदळाचा भात खायचा (आपला पानांचा द्रोण नव्हे, धान्याचे मोठे माप) आणि धापा टाकत भगवंतांकडे यायचा. भगवंतांनी त्याला मात्रा ओळखून खाण्याबद्दल एक गाथा सांगितली. राजाने काय करावे? सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि रोज जेवताना म्हणायला सांगितली. त्यासाठी त्याला रोज शंभर कार्षापण देऊ केले. हळूहळू राजा नाळीभर भातावर आला, अंग हलके झाले.

प्रवचनात ही गोष्ट संयमाची म्हणून सांगतात. आम्हाला त्यात तो सुदस्सन जास्त महत्त्वाचा वाटतो. राजालासुद्धा स्वतःच्या ताटाशी एकट्याने लढता आले नाही. शेजारी बसायला माणूस लागला. आमच्या आईशेजारी कुणी बसत नव्हते. बाबासाहेबांनाही मधुमेह होता. त्यांचे पथ्यपाणी डॉक्टर असलेल्या माईसाहेब बघत. आजाऱ्याच्या बाजूला कुणीतरी असावे लागते.

मग आईसाठी वेगळा स्वयंपाक बंद केला, सर्वांचा एकच केला. अर्ध्या ताटात भाजी: तांदुळजा, अंबाडी, शेवग्याचा पाला, काकडी. पाव ताटात मटकी, चवळी, अंडे किंवा सुकट. उरलेल्या पाव ताटात एक भाकरी किंवा वाटीभर भात, दोन्ही नाही. ज्वारीने साखर वाढत नाही हा आपल्याकडचा गोड गैरसमज आहे. तीन भाकरी खाल्ल्या तर वाढतेच. जेवल्यावर पंधरा मिनिटे गल्लीत चक्कर, आमच्यापैकी एकजण सोबत. गोळ्या बंद केल्या नाहीत. कारल्याच्या रसावर गोळी सोडणारे वस्तीत आहेत, त्यातल्या एकाचा अंगठा गेला. चहाचा प्रश्न मात्र सर्वांत अवघड गेला. चारपैकी दोन घरांनी ऐकले. उरलेल्या दोन घरी आई आता चहाच घेत नाही.

आठ महिन्यांनी एचबीएवनसी ७.४ आले. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि काहीच बोलले नाहीत.

गेल्या जयंतीच्या बैठकीत आम्ही सरबताऐवजी ताक वाटा आणि मंडपात साखर तपासणीचे टेबल लावा म्हणालो, तर हशा झाला. टेबल शेवटी लागले, सरबतही राहिले. रेशनवर ज्वारी द्या, असा अर्ज तहसीलमध्ये दिला आहे, पोच आमच्याकडे आहे. मागच्या पौर्णिमेला भन्तेजींनी आईला सांगितले, गोळी चालू असलेल्या उपासिकेने पंचशील घेतले तरी पुरे. दुपारी दोन वाजता ती विहाराच्या ओट्यावर डबा उघडून बसली होती. मटकीची उसळ आणि एक भाकरी. शेजारी आमची धाकटी होती.