बिघाड कोणत्या खात्यातला?

भोसरीच्या एमआयडीसीत कन्व्हेयर बंद पडला की पहिला वाद ठरलेला. फिटर म्हणणार, मोटरच गेलीय, वायरमनला बोलवा. वायरमन म्हणणार, सप्लाय बरोबर आहे, गिअरबॉक्स बघा. दोघेही आयटीआयमधून तयार झालेले, आपापल्या कामात पक्के. पण ट्रेडच वेगळे, त्यामुळे मोटरच्या कपलिंगपाशी एकाची हद्द संपायची आणि दुसऱ्याची सुरू व्हायची. मी वायरमनच्या बाजूचा.

इलिनॉयला आल्यावर कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळच्या वर्गांना नाव घातलं, विषय इलेक्ट्रोमेकॅनिकल. अशा कॉलेजांची या राज्याला जुनी सवय आहे. जोलिएटचं ज्युनिअर कॉलेज १९०१ साली सुरू झालं ते आजही चालू आहे. दोन वर्षांची असोसिएट पदवी. एकाच बाकावर नुकतीच शाळा संपवलेली पोरं आणि दिवसभराची पाळी करून आलेली, मुलाबाळांची माणसं.

इथे मोटर आणि बेअरिंग एकाच टेबलावर शिकवतात, आणि मला या शिक्षणाचं मोल वाटतं ते त्यासाठीच. ओव्हरलोड रिले ट्रिप होतोय, असं समजा. टाँग टेस्टर तिन्ही फेजवर एकेक करून लावायचा. तिन्हीकडे करंट जवळपास सारखाच, पण नेमप्लेटपेक्षा जास्त असेल, तर बहुधा मोटरवर ओझं आलंय: सुकलेलं बेअरिंग, नको इतका ताणलेला पट्टा, कुठेतरी अडकलेला माल. एकच फेज वेगळा बोलत असेल, तर दोष विजेच्या बाजूला शोधायचा. पण सप्लायमध्ये की वाइंडिंगमध्ये? तिन्ही वायरी मोटरच्या टर्मिनलवर एकेक घर पुढे सरकवायच्या. फिरण्याची दिशा बदलत नाही. जास्तीचा करंट त्याच लाइनवर राहिला तर सप्लाय बघा, वाइंडिंगबरोबर सरकला तर मोटर उघडा. ही युक्ती मला फार आवडते. एक पैचं नवं यंत्र लागत नाही, नुसता विचार लागतो.

अर्थात वायरींना हात लावण्याआधी लॉकआउट. डिस्कनेक्ट खाली, त्यावर स्वतःचं कुलूप, किल्ली स्वतःच्या खिशात. मग मीटर आधी चालू लाइनवर तपासायचा, नंतर बंद केलेल्या सर्किटवर, आणि पुन्हा चालू लाइनवर. मधल्या वेळात मीटरच मेला नाही ना, याची खात्री तिसऱ्या वेळी होते. ४८० व्होल्टपुढे घाईला जागा नाही. आपल्याकडे कारखान्यांत ‘वर सांगून ठेवलंय, कोणी चालू करणार नाही’ एवढ्या भरवशावर माणसं पॅनेलमध्ये हात घालताना मी पाहिली आहेत. कुलूप प्रत्येकाचं वेगळं असलंच पाहिजे.

आवाजाची सवय मात्र नव्याने करावी लागली. आपल्या ५० हर्ट्झवर चार पोलची मोटर १४४० च्या आसपास फिरते, इथल्या ६० वर १७५० च्या. सुरुवातीला इथली प्रत्येक मोटर मला घाईत असल्यासारखी वाटायची.

तरुण मुलांची ओढ पीएलसीकडे, म्हणजे यंत्रं चालवणाऱ्या प्रोग्रामेबल कंट्रोलरकडे. साहजिक आहे. १९६८ साली डिक मॉर्ली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पीएलसीची कल्पना मांडली, आणि पुढे तिचा प्रोग्राम रिलेच्या जुन्या लॅडर ड्रॉइंगसारखाच लिहिला जाऊ लागला. पॅनेलवर उभ्या राहणाऱ्या इलेक्ट्रिशियनला तो वाचता यावा, हा विचार मला मोठा वाटतो. त्यामुळे माझ्यासारख्याला स्टार-डेल्टाच्या ड्रॉइंगवरून स्क्रीनवर जायला अडचण आली नाही. पण स्क्रीन एवढंच सांगते की अमुक इनपुट येत नाही. का येत नाही, ते यंत्रापाशी जाऊनच कळतं. पुष्कळदा प्रॉक्सिमिटी सेन्सर धडधाकट असतो, वायर अखंड असते. फक्त ब्रॅकेटचा बोल्ट हादऱ्यांनी ढिला होऊन सेन्सर लोखंडापासून दोन-चार मिलिमीटर लांब गेलेला असतो. लॅपटॉप बाजूला ठेवून पाना हातात घ्यायचा, अंतर लावायचं, बोल्ट आवळायचा आणि इनपुटचा दिवा लागला का ते बघायचं.