हिशेब पगाराचा

मुनिरक्याच्या अरुंद गल्लीतील भाड्याच्या खोलीत नागपूरची ती तरुण संगणक अभियंता नोएडाच्या कंपनीचे नियुक्तिपत्र पुन्हा पुन्हा वाचत होती. वर्षाला १२ लाख! म्हणजे महिन्याला लाख रुपये?

तिने वही उघडली. १ लाख २० हजार कामगिरीवर अवलंबून, म्हणजे बेभरवशाचे. ६ लाख मूळ वेतनावर १२ टक्के भविष्यनिर्वाह निधी कंपनीचा, तितकाच तिचा. दोन्ही त्याच १२ लाखांतून. ग्रॅच्युइटीही त्यातच धरलेली. हाती उरत होते महिना सुमारे ७५ हजार, तेही आयकरापूर्वी.

"मिळतंय ते घे बाई, जास्त मागशील तर हे पण जाईल," आई फोनवर म्हणाली. घरात पैशाची बोलणी कधी मुलींनी केलीच नव्हती. पण धाकट्या भावाची फी तिलाच भरायची होती.

दुसऱ्या दिवशी तिने धीर करून कंपनीला विचारले, "कामगिरीवरची निम्मी रक्कम दरमहाच्या भत्त्यात देता येईल का?"

दोन दिवसांनी सुधारित पत्र आले. महिन्याला ५ हजार वाढले होते.

"रागावले नाहीत ना गं?" आईने विचारले.

"नाही गं आई. कधी रुजू होतेस, एवढंच विचारलं."