करण्यात येईल

शासन निर्णय हा मराठी गद्याचा एक प्रकार आहे आणि तो आमच्या अभ्यासक्रमात नाही. व्यावहारिक मराठीच्या पेपरात अर्ज, इतिवृत्त, जाहिरात एवढे येते. पण ज्या मराठीच्या बळावर राज्यातल्या लक्षावधी माणसांचे महिन्याचे पैसे येतात किंवा थांबतात, तिच्याकडे वाङ्मयाचे विद्यार्थी आणि आम्ही शिक्षकही सहसा फिरकत नाही. गेले काही महिने आम्हा दोघांना मात्र हे गद्य बारकाईने वाचावे लागत आहे. आम्ही नवराबायको, दोघेही मराठीचे अध्यापक, मुक्काम घोडबंदर रोड. वाचनाचे कारण वाङ्मयीन नाही. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींना कागद वाचून दाखवणारे दुसरे कोणी नाही.

मावशींचा मुलगा सत्तावीस वर्षांचा आहे. मोजके बोलतो, ताट वाढून दिले की जेवतो, आंघोळ मात्र अजून मावशीच घालतात. त्याच्या जुन्या दाखल्यावर ‘मतिमंद’ हा शब्द आहे, नव्या कार्डावर ‘बौद्धिक दिव्यांगत्व’ असे आहे. टक्केवारी दोन्हीकडे तीच, पंचाहत्तर. कार्ड पिवळे. अलीकडच्या रचनेत चाळीस टक्क्यांच्या आत पांढरे, चाळीसपासून ऐंशीच्या आत पिवळे आणि त्यापुढे निळे कार्ड मिळते. अपंग, विकलांग, दिव्यांग असा या शब्दाचा प्रवास आमच्या डोळ्यांदेखत झाला. ‘दिव्यांग’ २०१५च्या अखेरीस पंतप्रधानांनी सुचवला आणि बघता बघता कचेऱ्यांच्या पाट्यांवर आला. त्यातल्या दिव्यत्वाबद्दल मावशींना विचारण्याचे धाडस आम्हाला झालेले नाही.

या मुलाला संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून पैसे मिळतात. योजना १९८० सालची. रक्कम बरीच वर्षे सहाशे होती, २०१९ मध्ये हजार झाली, २०२३ मध्ये दीड हजार. जून २०२५ मध्ये बच्चू कडू यांनी गुरुकुंज मोझरीला उपोषण केले, तेव्हा त्यांच्या मागण्यांत दिव्यांगांना महिना सहा हजार ही एक मागणी होती. सप्टेंबरात मंत्रिमंडळाने दिव्यांगांपुरते दीड हजाराचे अडीच हजार केले. केंद्राच्या निवृत्तिवेतनाचा दर याहून निराळ्या चालीचा आहे: दारिद्र्यरेषेखालच्या, ऐंशी टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या माणसाला महिना तीनशे रुपये. हा आकडा २०१२ पासून हललेला नाही.

हजाराची वाढ झाली ही आनंदाची बातमी आम्ही मावशींना वर्तमानपत्रातून वाचून दाखवली. त्यांचे हात कणकेत होते. त्या म्हणाल्या, “म्हणजे आता परत तपासतील का?”

आम्हाला वाटते, या प्रश्नातच सगळा विषय आहे. रक्कम वाढली की माणूस सुखावतो, हा पगारदारांचा अनुभव. मावशींच्या अनुभवात सरकारने काहीही हलवले की त्याबरोबर कागद हलतात, आणि कागद हलले की काहीतरी पडते. २०२४ च्या अखेरीस पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात थेट येणार असे ठरले, तेव्हा आधारवरचे नाव आणि दाखल्यावरचे नाव यांत एका वेलांटीचा फरक निघाला. आमच्या पेशात आम्ही या फरकाला अर्धा गुण कापतो. मावशींचे तीन महिने गेले. पुढे लाडक्या बहिणींच्या याद्या तपासायला घेतल्या आणि चाळीतल्या कितीतरी बायकांची नावे गळाली. मे २०२५ मध्ये तर सामाजिक न्याय खात्याचा निधी त्या योजनेकडे वळवल्याबद्दल त्या खात्याच्या मंत्र्यांनीच उघड नाराजी व्यक्त केली. हे सगळे मावशींपर्यंत बातमी म्हणून पोचत नाही. नळावर, रिक्षाच्या रांगेत, कुणाच्या तरी मोबाईलवर आलेल्या आवाजी निरोपात ते एका क्रियापदापुरते उरते: “बंद करतील.”

कोण करतील? व्याकरणाच्या तासाला आम्ही कर्ता ओळखायला सांगतो. इथे कर्ता नाही, नुसते अनेकवचनी क्रियापद. आणि गंमत अशी, की शासन निर्णयातही तो नसतो. ‘अर्थसाहाय्य देण्यात येत आहे’, ‘अपात्र आढळल्यास लाभ बंद करण्यात येईल’, ‘वसुली करण्यात येईल’. देणारा अध्याहृत, थांबवणारा अध्याहृत, वसूल करणाराही अध्याहृत. वर ‘सदर’ आणि ‘उपरोक्त’ यांची कुंपणे. मावशींना प्रमाण मराठीचे हे वळण ठाऊक नाही, पण त्याचे सार त्यांनी अचूक उचलले आहे. ज्या वाक्याला कर्ता नाही त्याच्याकडे जाऊन दाद मागता येत नाही. तिथे फक्त रांग लावता येते.

ती रांगही सोपी नाही. मावशी कासारवडवलीच्या मागच्या अंगाला राहतात. कचेरी शहरात. घोडबंदर रोडवर मेट्रोच्या खांबांनी आणि खड्ड्यांनी मिळून अंतराचे वेळेत काय रूपांतर केले आहे, हे इथल्या रहिवाशांना सांगायला नको. कापूरबावडीपर्यंतचा प्रवास कधी वीस मिनिटांचा, कधी दीड तासाचा. गर्दीच्या बसमध्ये मुलगा घाबरतो, ओरडतो, लोक वळून बघतात, म्हणून रिक्षा करावी लागते. एका खेपेचे रिक्षाभाडे आणि बुडालेली तीन घरची कामे यांचा हिशेब मावशी बोटांवर करतात, आणि मुलाला ‘प्रत्यक्ष हजर’ करण्याच्या एका दिवसाला त्या महिन्याच्या अनुदानातला बराच भाग खर्ची पडतो. शिवाय वर्षातून एकदा हयातीचा दाखला. ‘हयात’ हा अरबीतून फारसीमार्गे आलेला शब्द. मूळ अर्थ जीवन. मराठी दफ्तराने त्याला जिवंत असल्याच्या पुराव्यापर्यंत आणून ठेवले.

गेल्या दिवाळीच्या सुमारास मावशींनी एक विनंती केली. त्यांचे पैसे आम्ही बरीच वर्षे मोबाईलवरून त्यांच्या खात्यात टाकत होतो.

“सर, पैसे हातात देत जा. खात्यात नको.”

“का हो मावशी?”

“खात्यात आलेलं सरकारला दिसतं म्हणतात. मग माझी कमाई धरतील आणि पोराचं बंद करतील.”

“असं कोण म्हणालं?”

“सगळ्याच म्हणतात. ताई, तुम्हीच बघा ना त्या कागदात काय ते.”

म्हणून आम्ही बघितले. दिव्यांगांसाठी या योजनेत कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा पन्नास हजार रुपये ठरवलेली आहे. इतर लाभार्थ्यांसाठी ती एकवीस हजार. पन्नास हजार भागिले बारा म्हणजे महिना चार हजार एकशे सहासष्ट. या रस्त्यावर ज्या घरात चूल पेटते, त्या घराचे उत्पन्न याहून कमी कसे असेल, हे आम्हाला सांगता येत नाही. पत्र्याच्या खोलीचे भाडेच त्यातले निम्म्याहून जास्त खाते. मावशी आणखी दोन घरी पोळ्या लाटतात. म्हणजे हा नियम जसाच्या तसा लावला तर त्या बसत नाहीत, आणि त्या बसत नसतील तर त्यांच्या चाळीत कोणीच बसत नाही. मर्यादा अशी आखली आहे की गरिबाला आपली गरिबी सिद्ध करण्यासाठी आपले कष्ट लपवावे लागतात. मावशींची भीती अडाणीपणातून आलेली आहे असे आधी वाटले होते. कागद वाचल्यावर ती त्या कागदाचे बरोबर केलेले वाचन निघाले. तेव्हापासून आम्ही पाकिटात रोख देतो.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. पडताळणी मुळात नकोच, असे म्हणणाऱ्यांतले आम्ही नाही. २०२४ मध्ये सनदी सेवेतल्या एका प्रशिक्षणार्थीच्या प्रमाणपत्रांवरून देशभर गदारोळ झाला. २०२५ मध्ये राज्यात दिव्यांग कोट्यातून नोकरीला लागलेल्यांची प्रमाणपत्रे तपासायला सुरुवात झाली, तेव्हा निलंबनाच्याही बातम्या आल्या. ज्यांनी खोट्या दाखल्यावर खऱ्याची जागा घेतली, त्यांना हुडकायलाच हवे. पण नोकरीचा दाखला तपासणे वेगळे, आणि अडीच हजारांसाठी पंचाहत्तर टक्क्यांच्या मुलाला पुन्हा पुन्हा खुर्चीवर बसवून ‘नाव सांग’ म्हणणे वेगळे. कायमस्वरूपी म्हणून लिहून दिलेली अवस्था दर काही वर्षांनी नव्याने का सिद्ध करायची?

ही भीती आपल्याकडच्या दारिद्र्याची आहे, असे समजण्याचेही कारण नाही. ब्रिटनमध्ये मार्च २०२५ मध्ये सरकारने ‘पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट’ या भत्त्याचे निकष कडक करण्याचा प्रस्ताव आणला. तिथे रोजच्या एकेका क्रियेला गुण असतात. केस किंवा कमरेखालचे अंग धुवायला दुसऱ्याची मदत लागली तर दोन गुण. खांद्यापासून कमरेपर्यंतचे अंग धुवायला लागली तर चार. नव्या प्रस्तावात कोणत्या तरी एका क्रियेत चार गुण असणे सक्तीचे होणार होते, म्हणजे मदतीची गरज कमरेच्या वर आहे की खाली, यावर भत्ता ठरला असता. सत्ताधारी पक्षाच्याच खासदारांनी बंड केले आणि १ जुलैला सरकारने तो भाग मागे घेतला. आम्ही हे मावशींना सांगितले नाही. त्यांच्या मुलाला आंघोळ सगळीच घालावी लागते.

आता ‘अनुदान’ या शब्दाकडे येतो, कारण तो आमच्याही पोटाचा आहे. आमची महाविद्यालये अनुदानित आहेत. आमचा पगार ज्या शीर्षाखाली येतो त्याला ‘वेतन अनुदान’ म्हणतात. शब्द एकच, पण एक तारीख चार दिवसांनी उशिरा उजाडली तर आमच्या संघटना निवेदने देतात. नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुने निवृत्तिवेतन नाही, म्हणून मार्च २०२३ मध्ये राज्यभर संप झाला. आम्ही दोघेही त्या तारखेनंतरचेच, आणि तेव्हाची अस्वस्थता आम्हाला चांगली आठवते. म्हातारपणी काय होणार, हा प्रश्न आम्हीही रात्री एकमेकांना विचारला. पण आमच्या प्रश्नाला हक्क हे नाव होते, वाटाघाटीला बसणारा कर्ता होता. मावशींच्या मुलाच्या ‘अनुदाना’त मात्र ‘दान’ अजून जागे आहे. द्वितीय वर्षाला एकनाथांची भारुडे शिकवताना आंधळा, बहिरा, मुका, पांगुळ हे सगळे ओळीने येतात. ते दाराशी उभे राहतात, रूपक होतात, दान मागतात. चारशे वर्षांनी त्यातले रूपक गळाले आहे आणि मागणे तेवढे शिल्लक आहे.

वास्तविक २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने हे मागणे संपवायला हवे होते. त्याच्या नावातच ‘हक्क’ आहे. सातांच्या जागी एकवीस प्रकारची अपंगत्वे त्याने मानली. त्याच्या कलम २४ मध्ये असे आहे की दिव्यांगांना मिळणारे साहाय्य इतरांसाठीच्या तशाच योजनांपेक्षा किमान पंचवीस टक्क्यांनी अधिक असावे. २०२३ मध्ये दीड हजार झाले तेव्हा ते विधवांना, वृद्धांना, दिव्यांगांना सारखेच झाले. कायद्यातले पंचवीस टक्के तेव्हा कोणाच्या ध्यानात होते? आज अडीच हजारांत ते भरून निघतात, हे खरे. तरी बातम्यांत ही वाढ ‘दिलासा’ म्हणून छापून आली. ‘थकलेले देणे’ असे कोणत्याही मथळ्यात आमच्या पाहण्यात आले नाही. बातमीच्या भाषेचा हा लहानसा पाठ पुढच्या वर्षी वर्गात घ्यायचा आमचा विचार आहे.

मावशींची खरी काळजी या कोणत्याही निर्णयाच्या पलीकडची आहे. ती त्यांनी एकदाच बोलून दाखवली, तीही पोळपाट धुताना, पाठमोऱ्या: “माझ्यामागं याचे पैसे घ्यायला कोण जाईल?” अशा मुलांसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. सज्ञान झालेल्या बौद्धिक दिव्यांग व्यक्तीला कायदेशीर पालक नेमण्याचे काम जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती करते, आणि पालक आईवडीलच असावेत असे नाही, नातेवाईकही होऊ शकतो. आम्ही त्यांना हे सगळे सावकाश, सोप्या मराठीत समजावून सांगितले. मुरबाडकडचा त्यांचा भाचा तयार होईल का, हेही बोलून झाले. मावशींनी ऐकून घेतले, हात पुसले आणि विचारले, “त्या अर्जाला उत्पन्नाचा दाखला लागतो का?”