उरवाईचा उतार आणि एक जुनी मोटार

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर मोटारीने जावयाचे तर उरवाई दरवाजाची वाट धरावी लागते. पूर्वेकडील वाट पायी चढणारांची. उरवाईच्या अरुंद खिंडीत पंधराव्या शतकात, तोमर राजांच्या काळी, खडकात कोरलेल्या जैन तीर्थंकरांच्या मूर्ती आहेत. त्यांतील आदिनाथांची मूर्ती ५० फुटांहून उंच आहे. चढताना सर्वांची दृष्टी तिकडे खिळते. उतरताना मात्र चालकाचे चित्त रस्त्यावर आणि पाय ब्रेकवर असतो; कारण किल्ल्याच्या माथ्यापासून शहरापर्यंतची सुमारे ३०० फुटांची उंची थोडक्या अंतरात उतरावयाची असते.

खालचे लष्कर म्हणजे १८१० साली दौलतराव शिंद्यांनी वसविलेली छावणी. आपल्या मराठी घराण्यांची जुनी वस्ती तेथलीच. तेथील एका परिचितांच्या वाड्यात एम. जी. ए. १६०० या जातीची, दोन आसनांची उघडी विलायती मोटार आहे. ती त्यांच्या वडिलांची. गेल्या हिवाळ्यात उरवाई उतरत असता तिचे मागचे एक चाक ब्रेक धरीना व गाडी एका अंगास ओढू लागली. अपघात टळला, पण घरात वाद पेटला. गृहिणींनी बजावले की, याचा निकाल लागेपर्यंत नातवंडांपैकी कोणी त्या गाडीत बसणार नाही. थोरल्या मुलाचे म्हणणे, "बाबा, मागचे ड्रम काढा आणि डिस्क बसवा." वडिलांच्या हातच्या गाडीला कात्री लावावयास बाबा तयार नव्हते.

मुलाचे म्हणणे निराधार नव्हते. १९५३ साली ल मान्सची २४ तासांची शर्यत जग्वारने डिस्क ब्रेकच्या बळावर मारली, तेव्हापासून ड्रमचे दिवस भरत आले. ड्रम हा बंद डबा. आतून ब्रेकशू त्यावर दाबले जातात. लांब उतारावर तो तापतो, फुगतो, शूपासून दूर सरतो आणि पेडल खोल जाऊ लागते. डिस्क उघड्या वाऱ्यावर फिरते, लवकर निवते. १९५९ साली निघालेल्या या १६००मध्ये पुढच्या चाकांना डिस्क आहेतच. आणि त्याच घराण्यातील ट्विन कॅम गाडीला तर १९५८ सालीच चारही चाकांना कारखान्याने डिस्क दिल्या होत्या.

परंतु ब्रेक लावताच गाडीचा भार पुढे झुकतो, आणि उतारावर तो अधिकच झुकतो. बहुतेक श्रम पुढच्या चाकांचे होतात. मागची हलकी होतात. त्यांना अधिक जोराचा ब्रेक दिला तर ती आधी जखडतात व गाडी गर्रकन फिरते. म्हणून डिस्क बसविताना मागचा दाब कमी करणारा व्हॉल्व्ह लागतो. ड्रमचा शू चाकाच्या फिरण्यानेच आत ओढला जाऊन अधिक घट्ट बसतो. डिस्कला ते साहाय्य नाही, तेव्हा पायाला जोर अधिक लागतो. तिच्या पिस्टनला तेल अधिक लागते, म्हणून मास्टर सिलिंडरही तपासावा लागतो. ड्रमसाठी नळीत थोडा दाब राखून ठेवणारी झडप असते; ती तशीच राहिली तर डिस्कचे पॅड सदैव घासत राहतात. शेवटी हातब्रेक! ड्रममध्ये तो साध्या तारेने लागतो, डिस्कला त्याची निराळी योजना करावी लागते. उरवाईच्या चढावर गाडी उभी करावयाची असेल, तर ही बाब गौण नव्हे.

(आपल्या कोशकारांनी 'गतिरोधक' असा नेटका शब्द दिला, तो मोटारीत न बसता रस्त्यावरील उंचवट्यावर जाऊन बसला.)

कायदाही आहे. २०२१च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांची 'विंटेज' म्हणून वेगळी नोंदणी होते. पण मूळपणाचा हट्ट कोठवर धरावा? जयविलास राजवाड्याच्या संग्रहालयात बग्ग्या आणि पालख्या उत्तम राखल्या आहेत. त्यांना थांबविण्याचा प्रश्नच उरलेला नाही. जी गाडी माणसे घेऊन रस्त्यावर येते, तिने थांबलेच पाहिजे. यात माझा कौल गृहिणींच्या बाजूस होता.

अखेर वृद्ध मिस्त्रींना बोलावले. त्यांनी मागचे चाक उतरविले, ड्रम काढला आणि म्हणाले, "बाबूजी, बीमारी कहीं और है." मागच्या आसाचे ऑइल सील गेले होते, आतले तेल झिरपून शूवर पसरले होते. तेलकट शू काय धरणार! ड्रमही लंबगोल झाला होता. दोन्ही बाजूंची सील व लायनर नवी घातली, ड्रम खरादावर गोल करून मापात असल्याची खात्री केली, चाकांचे सिलिंडर बदलले. ब्रेक ऑइल कित्येक वर्षांचे होते. ते हवेतील ओल शोषून घेते. मग तापल्यावर त्यात वाफ धरते व पेडल पोकळ लागते. तेही सारे बदलले.

पुढे रिकाम्या मैदानात तीन दिवस चाचणी झाली. चारही चाके समान धरू लागल्यावर गृहिणी स्वतः प्रथम गाडीत बसल्या. मुलाने डिस्कचा विचार अजून सोडलेला नाही. तूर्त ब्रेक ऑइल बदलल्याची तारीख त्यानेच गाडीखान्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवली आहे.