ठासणीच्या बंदुकांचे गाव

अमेरिकेहून परतलेल्या माणसाला आपल्याकडे ठरलेले तीन प्रश्न विचारतात. नायगारा पाहिलात का? न्यूयॉर्कला गेला होतात का? आणि तिकडे चहा कसा मिळतो? पैकी पहिल्या दोहोंना मला 'नाही' असेच उत्तर द्यावे लागते. मग विचारणारा माझ्याकडे अशा काही नजरेने पाहतो की, काशीला जाऊन गंगेत बुडी न मारता परत आलेला इसम तो हाच!

"मग पाहिलंत तरी काय?"

"बंदुका," मी सांगतो.

वर्गात संतवाङ्मय शिकवणाऱ्या माणसाच्या तोंडी हे उत्तर शोभत नाही हे मलाही कळते. परंतु त्याला एक घरगुती कारण आहे, ते आधी सांगितले पाहिजे.

आमचे मूळ घर सिंधुदुर्गात. भात पोटरीला आले की रानडुकरांच्या धाडी पडायच्या, आणि त्यांना पिटाळायला आमच्या घरी परवान्याची एक ठासणीची बंदूक होती. ही बंदूक म्हणजे चैनीची वस्तू नव्हे. 1959 च्या शस्त्र कायद्यातसुद्धा शेतीसंरक्षणासाठीची ठासणीची बंदूक असा तिचा स्वतंत्र उल्लेख आहे. तोंडाकडून दारू ओतायची, वर डाट, मग छर्रे, पुन्हा डाट, आणि गजाने सारे ठासून बसवायचे. मागे घोड्याखाली टोपी लावली की झाली तयारी. नळीवर कोणा कंपनीचे नाव नव्हते. दुरुस्ती गावातले लोहारमेस्त्री करीत. 1989 च्या आश्विनात त्यांनीच ती दुरुस्त करून दिली, आणि आठच दिवसांत माझ्या थोरल्या काकांच्या, म्हणजे भाऊकाकांच्या, हातात ती नळी फुटली. डाव्या हाताची दोन बोटे गेली.

मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. अंगणात माणसांची गर्दी, आजोबांचा चढलेला आवाज आणि खालमानेने उभे असलेले मेस्त्री, एवढे चित्र मला लख्ख आठवते. मेस्त्री एकच वाक्य पुन्हापुन्हा म्हणत होते, "भाऊनू, गज खयपर्यंत आत गेल्लो, इतक्याच माका सांगा." त्यांना कोणी उत्तर दिले नाही. त्या दिवसापासून आमच्या घरचा कोयता-विळा त्यांच्या भात्यावर गेला नाही. आमचे पाहून आणखी चार घरांनी हात आखडता घेतला. 'कंपनीची बंदूक असती तर असं झालं नसतं' हे वाक्य आमच्या घरात पुढे म्हणीसारखे रुळले.

एवढी प्रस्तावना पुरे. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत मी धाकट्या भावाकडे सिनसिनाटीला गेलो. ओहायो नदीकाठचे हे शहर लेथ-मिलिंगसारख्या यंत्रांच्या कारखान्यांसाठी एके काळी नावाजलेले. भावाचे शेजारी अशाच एका कारखान्यातून निवृत्त झालेले यंत्रकारागीर. वय पंचाहत्तरीच्या पुढे, हात मात्र भक्कम. मुलांच्या तोंडी ते 'आजोबा', म्हणून मीही त्यांना तसेच म्हणतो. माझ्या बोलण्यात ठासणीच्या बंदुकीचा विषय निघाला मात्र, त्यांचा चेहरा खुलला.

"दादा, आता तुझी सुटका नाही," भाऊ म्हणाला. "ते तुला फ्रेंडशिपला नेणार!"

फ्रेंडशिप! मैत्री! शेजारच्या इंडियाना राज्यातले हे एक चिमुकले खेडे. ओहायोच्या काठाने लॉरेन्सबर्ग, ऑरोरा अशी गावे मागे टाकीत गेले की रस्ता टेकड्यांत शिरतो. दोन्ही बाजूंना मक्याची शेते, लाल रंगाची लाकडी कोठारे, मधूनच एखादे पांढरे चर्च. तास-सव्वा तासात आपण पोहोचतो. एरवी या गावात गाडी थांबवायचे कारण पडू नये. परंतु 1933 साली स्थापन झालेल्या नॅशनल मझल लोडिंग रायफल असोसिएशनचे हे ठिकाण. वर्षातून दोनदा, जूनमध्ये आणि सप्टेंबरमध्ये, देशभरचे ठासणीचे शौकीन येथे जमतात. तंबू पडतात, चुली पेटतात, हरणाच्या कातड्याचे झालरदार अंगरखे घातलेले आजोबे आणि लांब झग्यातल्या आज्या हिंडू लागतात. आपल्याकडची जत्राच म्हणा ना, फक्त देवाच्या जागी बंदूक! हवेत गंधकाचा तो ओळखीचा वास. डोळे मिटले तर वाटावे, नरकचतुर्दशीची पहाट आहे.

नेमबाजीच्या मैदानापेक्षा मला रस होता तो दुकानांच्या रांगेत. कंपनीची बंदूक म्हणजे काय चीज असते, ते एकदा पाहायचे होते. आजोबांना मी सरळच विचारले, "यात सर्वांत भरवशाची कोणती?"

"चला, एकेक हातात घेऊन पाहू," ते म्हणाले.

पहिली बंदूक 'हॉकेन' घडणीची. जेकब आणि सॅम्युएल हॉकेन हे भाऊ सेंट लुईसचे बंदूककार. रॉकी पर्वतात बीव्हरच्या कातड्यांसाठी हिंडणारे फासेपारधी त्यांची बंदूक घेत. शेकडो मैलांत दुसरा माणूस नाही, तेव्हा बार फुकट गेला तर जीवच जायचा. अशा गिऱ्हाइकांनी नाव काढले, ते नाव टिकले. जेकब 1849 च्या पटकीच्या साथीत वारला. पुढे 1970 साली न्यू हॅम्पशायरमधल्या थॉम्पसन-सेंटर कंपनीने 'हॉकेन' याच नावाची बंदूक काढली आणि ती अफाट खपली.

"नाव जुनं, पोट नवं," आजोबा म्हणाले. "जुन्या कुलपात पट्टीची स्प्रिंग असे, ती मोडायची. हिच्यात गुंडाळीची स्प्रिंग आहे. जाणकार नाक मुरडतात. पण बंदूक चालते."

दुसरी लायमन कंपनीच्या नावाने विकलेली 'ग्रेट प्लेन्स'. दिसायला अस्सल हॉकेनच्या जास्त जवळची. पण घडवलेली इटलीत, इन्व्हेस्टआर्म्सच्या कारखान्यात. येथे आजोबांनी मला नळीच्या आतल्या पिळाचा पाठ दिला. या बंदुकीच्या खाचा 60 इंचांत एक वेढा घेतात. कापडात गुंडाळलेल्या शिशाच्या गोल गोळीला हा संथ पीळ मानवतो. थॉम्पसन-सेंटरच्या हॉकेनचा पीळ 48 इंचांत एक, म्हणजे गोल गोळी आणि लांबट गोळी अशा दोन डगरींवर हात. नव्या बंदुकांत तो 28 इंचांपर्यंत येतो, तो लांबट गोळीसाठी. तेव्हा 'चांगली कोणती' या प्रश्नाच्या आधी 'कशासाठी' हा प्रश्न येतो. हे आम्हां शिक्षकांना तरी नवीन नसावे!

तिसरी पेडेर्सोलीची, इटलीतल्या गार्दोने वाल त्रोम्पिया गावची. ही कंपनी 1957 सालची, गावाची बंदूकविद्या मात्र शतकांची. लाकूड आणि लोखंड जिथे मिळते तिथे नखसुद्धा शिरू नये अशी सफाई. आजोबांनी नळीवरचा एक बारीक शिक्का दाखवला: चांदणी आणि तिच्याखाली 'पीएन' ही अक्षरे. इटलीत प्रत्येक नळी सरकारमान्य परीक्षागृहात जादा दारू भरून उडवून पाहतात, आणि काळ्या दारूच्या परीक्षेत उतरली की हा शिक्का मारतात. इंग्लंडात बर्मिंगहॅमचे असे परीक्षागृह 1813 पासून आहे. अमेरिकेत मात्र अशी कायद्याची सक्ती नाही. तिथे कारखानदाराच्या शब्दावर भिस्त.

"म्हणजे कंपनीचं नाव हे कॉलेजचं नाव," मी म्हटले, "आणि हा शिक्का विद्यापीठाच्या परीक्षेचा!"

चौथी सीव्हीए, म्हणजे कनेक्टिकट व्हॅली आर्म्सची. 1971 पासूनची ही कंपनी. नाव अमेरिकन नदीखोऱ्याचे, माल मुख्यतः स्पेनचा. स्वस्त, म्हणून कित्येकांची पहिली बंदूक हीच. 1995 आणि 1996 साली बनलेल्या आपल्या काही बंदुका या कंपनीला 1997 मध्ये परत मागवाव्या लागल्या होत्या. पुढे स्पेनमधल्याच बेर्गाराच्या नळ्या आल्या, आणि आज तिच्या नळ्यांची जाणकार तारीफ करतात. नाव तेच राहून माल बदलतो, तो असा.

शेवटची नाइट कंपनीची. मिसूरीच्या टोनी नाइटने 1985 साली मुलीच्या नावाची आद्याक्षरे घेऊन 'एमके-85' ही बंदूक काढली. हिच्यात टोपी बाजूला नसून थेट दारूच्या पाठीशी. ठिणगीला वळण नाही, म्हणून दमट हवेतही बार सहसा चुकत नाही. शिवाय मागचे बूच काढले की नळी आरपार दिसते.

"म्हणजे हीच सर्वांत भरवशाची!" मी निकाल देऊन टाकला.

आजोबा हसले. त्यांनी मला बाकावर बसवले आणि स्वतःची बंदूक काढली. तिच्यावर कसलेही नाव नव्हते. त्यांनीच सुटे भाग जमवून ती घडवली होती. रिकाम्या नळीत त्यांनी गज सोडला. तो तळाला लागून टणकन वाजला. गजावर नळीच्या तोंडाशी एक खाच होती. मग दारू मोजून ओतली, कापडात गोळी बसवली आणि ठासली. आता गज चार बोटे वर राहिला. तेथे दुसरी खाच.

"या दोन खुणा," ते म्हणाले. "वरची म्हणजे नळी रिकामी. खालची म्हणजे भरलेली आणि गोळी दारूवर नीट टेकलेली. गज याच्याही वर राहिला, तर एक तर गोळी मध्येच अडकली आहे, नाही तर आधीचाच बार आत आहे आणि तुम्ही वर दुसरा भरला आहे. मग कोणत्याही कंपनीची असो, नळी फुटू शकते. मी पाहिलेल्या फुटक्या नळ्यांत लोखंडाचा दोष थोडा. माणसाच्या घाईचा जास्त."

मग ते बंदुकीच्या निगेबद्दल बोलू लागले. काळी दारू म्हणजे पंचाहत्तर भाग सोरा, पंधरा भाग कोळसा, दहा भाग गंधक. तिची राख ओल धरते, नळी गंजवते, ठिणगीची वाट बुजवते. म्हणून त्याच दिवशी नळी गरम पाण्याने धुवायची. एके काळी हा सोरा आपल्या बिहारातून, पाटण्याहून, जहाजे भरभरून युरोपात जाई, हे मी त्यांना सांगणार होतो. सांगितले नाही. माझ्या कानात पस्तीसएक वर्षांपूर्वीचे वाक्य वाजत होते: गज खयपर्यंत आत गेल्लो, इतक्याच माका सांगा.

मेस्त्र्यांनी दया मागितली नव्हती. त्यांनी कारागिराचा प्रश्न विचारला होता. सिनसिनाटीच्या या कारागिराने पहिला विचारला असता, तोच.

यंदा गणपतीला गावी गेलो. भाऊकाकांनी ऐंशी ओलांडली आहे. दुपारी ओटीवर आम्ही दोघेच होतो. मी त्यांना फ्रेंडशिपची हकीकत सांगितली, गजावरच्या दोन खाचांसकट. ते बराच वेळ उजव्या हाताने डाव्या हाताची उरलेली बोटे चोळीत राहिले.

"आदल्या रात्री बार उडाला नव्हता," ते अखेर म्हणाले. "टोपी वाजली, पुढं काही नाही. पाऊस होता. बंदूक तशीच आणून ठेवली. दुसऱ्या रात्री डुकरं आली, घाईत पुन्हा भरली."

"मग तेव्हा सांगितलं का नाहीत, भाऊकाका?"

"बाबांपुढं बोलायची छाती कुणाची होती? आणि नंतर… नंतर बोलायला उशीर झाला रे."

मेस्त्री जाऊन बारा वर्षे झाली. त्यांच्या मुलाचे फाट्यावर गॅस वेल्डिंगचे दुकान आहे. दुसऱ्या दिवशी भाऊकाकांनी धुतलेले धोतर नेसले, काठी घेतली आणि मला म्हणाले, "चल." दुकानात ठिणग्या उडत होत्या. त्यांना पाहून मुलाने गॅस बंद केला, डोळ्यांवरचा काळा चष्मा काढला आणि स्टूल पुढे केले. भाऊकाका बसले नाहीत.

"तुझ्या बापानं दिलेली नळी चांगली होती," ते म्हणाले. "चूक माझी होती. हे त्याला सांगायला हवं होतं."

मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बाबा मरासर ह्याच सांगित होते, भाऊनू." आणि पोराला त्याने समोरच्या हॉटेलात पिटाळले.

चहा आला. आम्ही तिघांनी तो दुकानातल्या लोखंडाच्या राशीजवळ बसून घेतला. फारसे कोणी बोलले नाही. परत येताना घरातल्या विळ्या-कोयत्यांना धार लावायची आहे, ते उद्या फाट्यावर नेऊन दे, असे भाऊकाकांनी मला दोनदा बजावले.

अमेरिकेत चहा कसा मिळतो, ते मला खरोखरच आठवत नाही. फाट्यावरचा मात्र बरा होता.